भाईंच्या डोळ्यांचं गाऱ्हाणं

मयताच्या घरी हसायचं नसतं आणि आमचं काम नेमकं मयताच्या घरीच असतं. त्यामुळे दाबून ठेवलेलं हसू साठत जातं आणि मग असं चहा पिताना बाहेर पडतं. नेत्रदानासाठी मालवणच्या आसपास आम्ही तिघं फिरतो. डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम, रिटायर मास्तर भाई आणि गाडी चालवायला मी. एरवी माझ्या गाडीत पर्यटक असतात. त्यांच्यापेक्षा मयताकडची माणसं कमी तक्रारी करतात.

*

फोन आला की मॅडम सांगतात, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा आणि पंखा बंद करा. डोळे सुकू नयेत म्हणून. भर मे महिन्यात तारकर्लीला पोचलो, तर घरातले झाडून सगळे पंखे बंद. शेजाऱ्यांचेही बंद. पलीकडच्या लॉजवरचे पाहुणे व्हरांड्यात घाम पुसत बसलेले. कोणीतरी त्यांनाही सांगून आलं होतं! मयताशी त्यांचं काही नातं नव्हतं, पण विचारणार कोण, म्हणून बसले होते.

*

कुडाळला एक आजी स्वतःच्या नेत्रदानाचा फॉर्म भरायला तयार झाल्या, पण आपले डोळे भावकीत जाता कामा नयेत अशी अट घातली. मॅडम म्हणाल्या, कोणाला बसवले ते नाव सांगतच नाहीत. आजींनी जरा विचार केला.

"मगे जावंदेत. पण तेंच्याकडे गेले, तर परत मागाक मी येतलंय."

त्याच भावकीतला एक जण मागच्या खुर्चीवर होता. तेव्हापासून तो डोळ्यांची फार काळजी घेतो.

*

भाई देवळात गाऱ्हाणं घालायचे. त्यांनी देवाला सगळं सविस्तर सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ही सवय त्यांनी आमच्या कामातही आणली. मॅडम हातमोजे घालून ताटकळत उभ्या आणि भाई उशाशी, हे डोळे बऱ्या घरी पडूदेत म्हणून देवाला विनवतायत. एका ख्रिश्चन घरी आम्ही त्यांना खुणेने सांगितलं, इथे नको. भाईंनी ऐकलं नाही. पहिलं "व्हय म्हाराजा" आलं ते फादरांकडून.

*

भाईंचा चष्मा जाड. मासा ताजा की शिळा ते त्याच्या डोळ्यांवरून ओळखायचं असतं, पण भाई बाजारातून हमखास शिळा बांगडा आणायचे. त्यांच्या बायकोला आम्ही काकी म्हणतो. काकी म्हणायच्या, "ह्येंका माशाचे डोळे दिसनत नाय आणि ह्ये माणसांचे आणूक जातत." चष्मेवाल्याचेही डोळे चालतात, असं मॅडमनी समजावलं. घेणाऱ्याला आधी सांगून ठेवा, एवढंच काकी म्हणाल्या.

*

भाईंनी धडधाकट असतानाच रीतसर लिहून ठेवलं होतं. बरं व्हायची आशा नसेल तर मशीनवर ठेवू नका आणि डोळे द्या. मग मेंदूत रक्तस्राव झाला आणि हॉस्पिटलात त्यांना श्वासाच्या मशीनवर ठेवलं. डॉक्टरांच्या दोन मंडळांनी वेगवेगळं तपासून आशा नसल्याचं सांगितलं, कायद्याचं सगळं पुरं झालं. अडला तो त्यांचा मुलगा सुनील. "बाबांचो श्वास मी बंद करू?" एवढंच बोलायचा आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसायचा. त्याला समजवायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही.

शेवटी काकी त्याचा हात धरून आत आल्या. मागे मॅडम आणि मी. बायकांनी गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही. काकींनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्येंनी जल्मभर लोकांसाठी तुका गाऱ्हाणी घातली. आज ह्येंच्यासाठी मी घालतंय. ह्येंका आता सुखान जावंदे."

उत्तर आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. मला रडू आवरत नव्हतं. काकी सुनीलकडे बघत थांबून राहिल्या.

"व्हय म्हाराजा," सुनील म्हणाला.

काकींनी भाईंच्या कपाळावरून हात फिरवला.

"आणि ज्याका ह्ये डोळे गावतले, तेका तरी बाजारात ताजो बांगडो दिसांदे."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. मशीनजवळची नर्स नागपूरची होती. तीही म्हणाली.