फुफूचा रोट

प्रार्थनेच्या वेळी फुफू डोळे मिटत नसे. सेलूच्या आमच्या मंडळीत पन्नासेक माणसं मान खाली घालून बसलेली असत, पाळक देवाला आळवीत असत, आणि फुफू खांबाला टेकून, हात जोडून, एकेका डोक्यावरून नजर फिरवीत असे. पाळकांना ते खटकलं. त्यांनी एकदा तिला बाजूला घेऊन समज दिली. फुफू म्हणाली, "पाळकसायब, डोळे मिटले की कोण आलं न्हाई ते दिसत न्हाई मला. देवाला सगळं दिसतंय. माझं तसं न्हाई."

जे आले नसतील त्यांच्या घरी ती दुपारी जाई. ताप असला तर उशाशी बसे, नवराबायकोचं भांडण असलं तर दोघांना सारख्या शिव्या देई, आणि नुसता आळस असला तर तिथंच जेवून येई. मी कारण विचारलं तर म्हणाली, "आळशाच्या घरी भाकर लय ग्वाड असती. सावकाश भाजत्यात."

बाप्तिस्म्यातलं तिचं नाव राहेलबाई. शेजारच्या मुसलमान घरांतली मुलं तिला फुफू, म्हणजे आत्या म्हणत, तेच सगळ्या गावाच्या तोंडी बसलं. वय पन्नाशीपुढचं, नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. ती जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायला जाई. संध्याकाळी परतताना तिच्या भुवयांवरसुद्धा कापसाचे तंतू असत.

मी जालन्याहून मिशनच्या शाळेत शिकवायला आले तेव्हा वीस वर्षांची होते. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. कचेरीत उर्दू, आणि आमच्या शाळेच्या दोन खोल्यांत मराठी मुळाक्षरं. मला पहिल्यापासून याद्या करण्याची सवय. कोणत्या मुलीला पाटी नाही, कोणाचा खोकला बरा झाला नाही, छपराचे किती पत्रे गळतात, सगळं मी लिहून ठेवी. महिन्याभरात स्त्रीसभेची चिटणीस म्हणून माझी नेमणूक झाली. फुफूला अक्षरओळख नव्हती. मी शिकवते म्हटलं तर ती हसली. "ज्यास्नी वाचाया येतंय त्यांनी वाचावं. मला ऐकलेलं तेवढं करून बघाया लागतंय."

हे ती शब्दशः करी, आणि त्याचा आम्हाला त्रास होई. एका रविवारी पाळकांनी दोन अंगरखे असणाऱ्यानं एक द्यावा, यावर उपदेश केला. आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. फुफूजवळ दोन लुगडी होती. त्यातलं एक तिनं त्याच दुपारी जिनिंगमधल्या एका बाळंतिणीला देऊन टाकलं. पुढच्या रविवारी ती ओलं लुगडं नेसून उपासनेला आली आणि बसली तिथं चटई भिजली. पाळकांच्या बायकोनं विचारलं, "अगं, हे काय?" फुफू म्हणाली, "वाळलंच न्हाई. तुमच्या सायबानं रातच्याला धुवायचं का सकाळी ते सांगितलंच न्हाई." पाळकांनी त्यानंतर उपदेशाचे विषय जपून निवडायला सुरुवात केली, असं मला वाटतं.

आता मुख्य गोष्ट. सेलूत आमच्या लोकांच्या मंडळ्या दोन होत्या. एक स्टेशनाजवळची, म्हणजे आमची. दुसरी वेशीबाहेरची. आम्ही कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत असू, ते नदीत बुडवून देत. बाहेरच्या माणसाला वेगळेपणाचं कारण हेच सांगितलं जाई. खरं कारण घरोघरी माहीत होतं. आमचे आजे महारवाड्यातून आलेले, त्यांचे मांगवाड्यातून. ख्रिस्त दोघांनी घेतला होता, पाण्याचा घडा मात्र वेगळाच ठेवला होता. दोन्ही प्रार्थनाघरांच्या मध्ये दोन शेतांचं अंतर होतं, आणि ती दोन शेतं ओलांडणारी एकच बाई होती. फुफू सकाळी आमच्याकडे येई, दुपारी त्यांच्याकडे जाई. कोणी हरकत घेत नसे, कारण ती हळूहळू आपल्याकडे ओढली जातेय असं दोन्ही मंडळ्यांना वाटे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून एकाच भाकरीचा तुकडा सर्वांनी खायचा. त्यासाठी मुठीचा रिवाज होता. आमचा मुलूख ज्वारीचा, गहू सणापुरता. तरी प्रत्येक घरची बाई गव्हाच्या पिठाची एक मूठ राखून ठेवी आणि शनिवारी फुफू ती गोळा करी. त्या पिठाचा ती जाड रोट करी, तव्यावर झाकण घालून, खाली निखारे, वर निखारे. तो रोट प्रभुभोजनाच्या मेजावर मोडला जाई. त्याच्यासारखा रोट मी पुन्हा खाल्ला नाही.

मला वाटलं, मुठीची यादी असावी. कोणाच्या घरून मूठ येते, कोणाची राहते, याची काही नोंद नव्हती. मी कागद घेऊन फुफूसमोर बसले. ती कापसाची वात वळत एकेक नाव सांगत गेली आणि मी सुवाच्य अक्षरात लिहीत गेले. सत्तावीस घरं झाली. मी गावात नवी, कोण कुठल्या मंडळीचं हे मला सगळं ठाऊक नव्हतं. फुफूला लपवायचं असं काही नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नाही. रविवारी सकाळी मी ती यादी प्रार्थनाघराच्या दाराला चिकटवली.

उपासना सुरू व्हायच्या आधीच दारात गर्दी झाली. आमच्या मंडळीचा कारभार पाहणारे वडील म्हणजे रेल्वेत पॉइंटमन असलेले शमुवेलदादा. ते यादीवर बोट ठेवून वाचत होते आणि बाराव्या नावावर त्यांचं बोट थांबलं. "ही सारूबाई वेशीची. ही पण वेशीची. फुफू, त्यांचं पीठ आपल्या रोटात?"

"व्हय."

"आणि आपलं त्यांच्या?"

"रोट एकच करती मी. अर्धा हितं, अर्धा तिथं. दोनदा चूल पेटवाया गोवऱ्या कुणाच्या बापाच्या हायत?"

"कधीपासून?"

"तीन वर्सं झाली की."

त्या दिवशी प्रभुभोजन झालं नाही. संध्याकाळपर्यंत बातमी वेशीवर पोचली आणि तिथंही तेवढाच गदारोळ उठला. त्यांचे वडील दानिएलबुवा, भजनात ढोलकी वाजवणारे, ते म्हणाले म्हणे की, शिंपडलेल्यांच्या हातचं पीठ आमच्या मेजावर आलंच कसं. बुधवारी आमच्याकडे पंचांची बैठक बसली. फुफू परातीत मुठींचं उरलेलं पीठ घेऊन आली आणि ती परात तिनं शमुवेलदादांसमोर ठेवली.

"दादा, मी जिनात कापूस निवडती. कचरा मला लगेच दिसतो. पीठ निवडाया मला येत न्हाई. ह्यातलं तुमचं कोणतं आन् त्यांचं कोणतं, निवडून द्या. मग मी दोन रोट करीन."

कोणीतरी मागं हसलं. शमुवेलदादा चिडले. "प्रश्न पिठाचा नाही, शिस्तीचा आहे. चूक कबूल कर."

"करती. काय चुकलं ते सांगा, मी पाठ करीन."

ते कोणालाच नेमकं सांगता आलं नाही, म्हणून शिक्षा थोडी जास्तच झाली. चूक कबूल करीपर्यंत तिला मेजापासून दूर ठेवायचं आणि रोट शमुवेलदादांच्या बायकोनं, मार्थाबाईंनी करायचा. आठवड्यात वेशीच्या मंडळीनंही तोच ठराव केला. दोन मंडळ्यांचं पहिलं एकमत फुफूला काढण्यावर झालं.

मला नवी यादी करायला सांगितलं. मी केली. वेशीची नावं गाळली आणि फुफूचंही गाळलं. ती शाळेत आली, मला यादी वाचायला लावली, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "तुझं अक्षर लय चांगलं हाय म्हणत्यात." मला तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जाताना म्हणाली, "नाव नको लिहू. पर मूठ तरी घ्या माझी."

मेजावर जायला मनाई झाली, प्रार्थनाघरात यायला नव्हती. फुफू येई, पण आता खांबापाशी नाही, दाराच्या बाहेर चपलांजवळ बसे. डोळे उघडेच. न आलेल्यांच्या घरी दुपारी जाणंही चालू राहिलं. ती दुपारी वेशीकडे जाई आणि तिथंही दारातच बसे. दर महिन्याला रोटाचं ताट तिच्यासमोरून फिरे आणि ती पदर सावरून ते बघत राही. एकदाच मला म्हणाली, "भूक न्हाई गं. पर ती येळ आली की हात आपोआप पुढं जातोय. मग मी हातावर बसती."

मार्थाबाईंचा पहिला रोट बाहेर जळाला आणि आत कच्चा राहिला. दुसरा इतका कडक झाला की पाळकांना तो मोडेना. तिसऱ्या महिन्यापासून रोट एकदम चांगला होऊ लागला. शमुवेलदादा म्हणाले, "बघा, सवयीनं येतं." शनिवारी मार्थाबाई पदराखाली परात घेऊन फुफूच्या घराकडे जाताना मी शाळेच्या खिडकीतून पाहिल्या होत्या.

पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, आला. पाळक नेहमीसारखे परभणीहून सकाळच्या गाडीनं आले. ताट फिरलं. मार्थाबाईंनी आपला तुकडा घेतला आणि तळहातावर तसाच ठेवला.

"खा की," शमुवेलदादा हळूच म्हणाले.

"मी केलेला न्हाई हा."

"मग कोणी केला?"

"जिला तुमी दारात बसवलं तिनं. माझा तर तुमी घरी बी खात न्हाई, देवाला काय देऊ?" मार्थाबाई जन्मात इतक्या मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. "ती खाईल तवा मी खाईन."

त्यांच्या शेजारच्या बाईनं आपला तुकडा हातात धरला. मग पुढच्या बाईनं. मीही धरला. त्यात धाडस काही नव्हतं, माझ्या आधी अकरा जणींनी धरला होता. पाळकांनी शमुवेलदादांकडे पाहिलं. दादांनी छपराच्या पत्र्यांकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. पाळक ताट घेऊन दारापाशी गेले आणि फुफूसमोर वाकले.

फुफूनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"पाळकसायब, घेती. पर हितं घेतलं तर तिकडं काय सांगू? मला दोघांनी मिळून काढलंय. एकट्यानं आत घेऊन कसं जमायचं?"

"मग काय करायचं म्हणतेस?" शमुवेलदादांनी विचारलं.

"चला की तिकडं. दोन शेतं तर हायत."

सेलूत वीस वर्षं राहून शमुवेलदादांनी वेशीच्या प्रार्थनाघराची पायरी चढली नव्हती. त्या घराचं पाणी तर लांबच. त्यांनी पागोटं काढलं, पुन्हा नीट बांधलं आणि चपला घातल्या. पुढं फुफू, मागं दादा आणि मार्थाबाई, मग पांढऱ्या फडक्यानं झाकलेलं ताट घेतलेले पाळक, आणि त्यांच्यामागं आम्ही सगळे, पऱ्हाट्या उपटलेल्या काळ्या रानातून ढेकळं तुडवीत.

वेशीवर भजन चाललं होतं. आम्हाला पाहून ढोलकी थांबली.

"काय शमुवेलदादा, वाट चुकलाव का?" दानिएलबुवांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"न्हाई. फुफूला आमी परत घ्यायलोय. तुमचं काय ते विचारायला आलो."

"आमी कुठं काढलं? तुमी काढलं म्हणून आमाला काढावं लागलं."

"तुमी गलका केला म्हणून आमी काढलं!"

"म्हणजे कुणीच काढलं न्हाई?" फुफू दोघांच्या मध्ये उभी राहून म्हणाली. "मग मी पाच महिने चपलांत कामून बसले?"

आधी वेशीच्या बायका हसल्या, मग आमच्या. दानिएलबुवा ढोलकी बाजूला ठेवून उठले, त्यांनी घोंगडी अंथरली आणि "बसा" म्हणाले. सारूबाईनं तांब्या आणला आणि तो सर्वांत आधी शमुवेलदादांपुढं धरला. हसणं थांबलं. तांब्या घेऊन वरून धार धरून पिण्याची एक रीत असते. तीत पाणी प्यायल्यासारखं होतं आणि न प्यायल्यासारखंही. फुफू मुद्दाम दुसरीकडे बघत होती. दादांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्यायले.

मग पाळकांनी ताटावरचं फडकं काढलं. पहिला तुकडा फुफूनं घेतला. डोळे उघडे ठेवूनच तिनं तो चावला, गिळला आणि मार्थाबाईंना म्हणाली, "मीठ कमी पडलं गं."

दोन मंडळ्यांची एक मंडळी झाली, असं मात्र झालं नाही. आम्ही शिंपडत राहिलो, ते बुडवत राहिले. रोट तेवढा एकच राहिला. माझी बदली पुढं हिंगोलीला झाली. निजामाचं राज्य गेलं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तीन दिवसांच्या तापानं फुफू गेली. मला ते पंधरा दिवसांनी कळलं, एकाच टपालानं आलेल्या दोन पत्रांतून.

एक शमुवेलदादांचं होतं, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. आमच्या मंडळीची फुफू गेली, कबरीवरचा क्रूस आम्ही करतो म्हणालो तर वेशीवाले ऐकत नाहीत, असं त्यात होतं. दुसरं दानिएलबुवांनी शाळेतल्या एका मुलीकडून लिहवून घेतलं होतं. फुफू आमचीच, दुपार-दुपार आमच्याकडे असायची, आणि क्रूस घडवून तयार आहे तरी स्टेशनवाले लावू देत नाहीत. ती कोणाची होती हे बाईंनी लेखी कळवावं, बाईंच्या कागदाला दोन्हीकडे मान आहे, असं दोघांनीही शेवटी लिहिलं होतं.

मी दोन पोस्टकार्डं आणली. दोन्हींवर पत्त्याखेरीज एकच ओळ लिहिली: फुफू तुमचीच होती.