गुडघ्यांमधली मूठ

"तुम्ही पोती उचलणारे लोक. तुम्हाला कुठे दुखतं रे?"

कोच मॅटच्या कडेला उभे राहून म्हणाले. सगळा कबड्डी संघ हसला. मी उजवी जांघ दाबून उभा होतो. हात कुठे आहे ते पाहून पोरं आणखी हसली.

रेड टाकून वळताना जांघेत काहीतरी तटकन तुटलं होतं. त्याच आठवड्यात क्लबच्या सेक्रेटरींच्या मुलालाही तिथंच दुखलं. त्याच्यासाठी फिजिओ आला. त्याला उताणं झोपवलं, वाकवलेल्या गुडघ्यांमध्ये मूठ ठेवली आणि दाबायला सांगितलं. पोरगा कळवळला. फिजिओ म्हणाला, मांडीच्या आतला स्नायू फाटलाय. सोनोग्राफी करा. सहा आठवडे धावणं बंद, मग हळूहळू व्यायाम. असाच खेळला तर स्नायू हाडापासून सुटेल.

मलाही बघा म्हटलं. कोच मध्येच बोलले, याला तेल चोळलं की पुरे. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून ते नुसतं "अच्छा" म्हणाले होते. तो अच्छा मला आता कळला.

मी रोज धावलो. भीत भीत. शिंक आली की जांघ धरायचो. काळंनिळं रोज बोटभर खाली उतरत होतं.

बाबा वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल. एका संध्याकाळी खोलीत आडवा झालो आणि त्यांना गुडघ्यांमध्ये मूठ ठेवायला सांगितली. दाबायला गेलो. डोळ्यांपुढे अंधारी आली. बाबांनी मूठ काढली नाही. ती तशीच ठेवून म्हणाले,

"माही बी अशीच दुखते गा. लई वर्सं झाली. कोनं मूठ ठेवलीच नाही."

ते पाय ओढत चालतात. जन्मभर मला वाटायचं, ती त्यांची चालच आहे. लाज वाटली मला.

दुसऱ्या दिवशी निवड होती. कोचनी नाव पुकारलं. मी मॅटवर गेलो आणि उताणा झोपलो.

"मूठ ठेवा सर. त्याशिवाय मी खेळणार नाही."

कोणी हसलं नाही. कोचनी माझं नाव कापलं. मी लंगडत बाहेर आलो.

सोमवारी बाबांना घेऊन सरकारी दवाखान्यात चाललोय. आधी त्यांना तपासा म्हणणार. हमालाला दुखायचंच, असं कोणी म्हटलं, तर आम्ही दोघं डॉक्टरांच्या टेबलापुढे फरशीवर आडवे होऊ. गुडघे वाकवून. मूठ ठेवल्याशिवाय उठणार नाही.