केळीच्या रसाचे हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. सोनगीरला अक्काच्या स्वयंपाकघरातली लाकडी आडभिंत जळाली, तेव्हा ती का जळाली हे मला ठाऊक होतं.

जळगावात माझा हलक्या फळ्यांचा छोटा कारखाना आहे. खोली दुभागायला, छत झाकायला लोक नेतात. असलं लाकूड कागदासारखं पेट घेतं, म्हणून मी त्याला केळीच्या रसाचे हात देऊ लागलो. सावद्याकडे घड उतरवला की खांब बांधावर टाकून देतात. ते आणायचे, पिळायचे, रसात तुरटी आणि पांढरी माती घालून उकळायचं. सकाळी कढईवरची वाफ आणि धुकं एक होऊन जाई. फळ्या निंबाखाली सावलीत वाळत. वाऱ्यानं हलल्या की वाटायचं, अजून न बांधलेलं एखादं घर झाडाखाली पेंगतंय. गिऱ्हाईक आलं की मी फळीला गॅसची ज्योत लावून दाखवी. फळी काळवंडे, पेटत नसे. तेवढा वेळ मी स्वतःला कुणीतरी मोठा वाटे.

एक गोष्ट मात्र मी बोलत नव्हतो. हा हात पाण्यानं उतरतो.

अक्का माझी थोरली बहीण. तिची भिंत मीच हौसेनं उभारून दिली. आणि अक्का अशी, की फोडणीचे शिंतोडे ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय दुपारी पाठ टेकणार नाही. एकदा गेलो तर तिच्या फडक्यातून तपकिरी पाणी निथळत होतं. ती हसली.

"भाऊ, तुनी भीत ते चहा गाळस रे!"

मीही हसलो. तिनं केलेला चहा प्यालो. उन्हाची तिरीप ओल्या भिंतीवरून हळूहळू सरकत होती, आणि लाकूड नुकतंच कापल्यासारखं कोवळं दिसत होतं. पाणी लावू नको, एवढंच म्हणायचं होतं. पण भावाच्या भिंतीला आग लागत नाही, असं ती आळीभर सांगत असे. मी कप खाली ठेवला आणि निघालो.

पुढं भज्यांच्या कढईतलं तेल भडकलं. भिंत धडधडत वरपर्यंत गेली. अक्काचा हात भाजला. मी पोचलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती.

"मीच ध्यान नही दिधं, भाऊ. तुनी भीतबी जळनी."

"तेलनी आगच येगळी ऱ्हास, अक्का," मी म्हणालो.

हात बरा झाला. पण तिची सून आता तिला गॅसजवळ जाऊ देत नाही, आणि अक्काही भांडत नाही. आपलं लक्ष राहत नाही, असं तिनं मान्य करून टाकलंय. दारात बसून शेंगा सोलते. मी हल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो, फळीला ओलं फडकं लावू नका.

तेल कुणाच्याही हातून भडकतं. भिंत माझ्या गप्प राहण्यानं जळाली. हे अक्काला, सुनेच्या देखत, सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.