लाल रंगाचे जादा पैसे
नव्या गाडीचा वास आला की आई आठवते. पहिली गाडी घ्यायला तिला सोबत नेलं होतं. पांढऱ्या रंगाला जादा पैसे नव्हते, लालला होते, म्हणून मी पांढरीच ठरवलेली. जन्मभर मेंढरं वळलेली आई बाहेर उभ्या पांढऱ्या गाड्यांची रांग बघून अडून बसली, “लालच घे.” मी चिडलो, “उगं कशाला पैसे घालायचे?” “कळपात कळप मिसळला तर वळखू यावं म्हणून मेंढरांच्या पाठीवर रंग लावतोच की आपण. मला नंबर वाचता येत नाय. शेंद्र्याच्या फाट्यावर तुझी गाडी कशी वळखू?” मी लाल घेतली. परवा दुसरी गाडी घेतली. फाट्यावर आता कुणी वाट बघत नसतं. तरी लालचेच पैसे भरले.