सप्रेम भेट

आभार मानून मानून घसा बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहायला आला. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बर्फाळ मुलखातून ते परतूरला पाद्री म्हणून आले. स्टेशनाकडच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात त्यांच्या मंडळीची मोजून नऊ घरं, पण सगळं गाव त्यांना पाद्रीबाबा म्हणायचं. पाणी देणाऱ्याचे आभार, वाट देणाऱ्याचे आभार; एकदा बैलगाडी बाजूला झाली, तर गाडीवानाला नमस्कार करून वर बैलांनाही म्हणाले, "मी आपला अत्यंत ऋणी आहे." यात दोष माझा. मी शाळामास्तर, त्यांना मराठी शिकवायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी पाठ्यपुस्तकातली मराठी त्यांच्या गळ्यात बांधून मोकळा झालो होतो.

वक्तशीरपणा तर विचारू नका. बाराला येतो म्हणजे आमच्याकडे ऊन उतरल्यावर कधीतरी. पण बाबा वैशाखात, कुत्रीसुद्धा ओट्याखाली शिरलेली असताना, काळा कोट घालून बाराच्या ठोक्याला दारात. घरातली माणसं झोपलेली असली तर कडी न वाजवता तिथेच उभे. मिरचीचा ठेचा पहिल्यांदा खाल्ला तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या, तरी "अतिशय सुग्रास" म्हणत त्यांनी भाकरी संपवली. बाबाला आईची आठवण आली, असा निकाल गल्लीतल्या बायांनी दिला आणि त्या दिवसापासून या एकट्या जिवाला घरोघरून काही ना काही जाऊ लागलं. कुणाचं पिठलं, कुणाचा सांजा, आमच्या मायचे धपाटे.

जात होतं ते ठीक, पण भांडी परत येईनात! शेजाऱ्याचं भांडं परत करायचं असतं, आणि तेही रिकामं नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून. हे आपल्याला कुणी शिकवत नाही, म्हणून बाबांनाही शिकवायचं मला सुचलं नाही. चार महिन्यांत गल्लीतली निम्मी फडताळं ओकी दिसायला लागली. मागणार कोण? मागेल तिची शोभा. मग कुजबुज सुरू झाली, की बाबा भांडी मोडीत घालून राह्यला.

ते ऐकून मायचं जेवणावरचं लक्षच उडालं. तिनं धपाटे ज्या पितळी डब्यात दिले होते, तो तिच्या लग्नातला, भावानं दिलेला. किसनमामा दोन वर्षांपूर्वी तीर्थपुरीला वारला, ना फोटो मागे राहिला ना दुसरं काही. तो डबा तेवढा होता. मी विचारून येतो म्हणून तीन दिवस गेलो आणि तिन्ही दिवस त्यांना नुसता मराठीचा धडा शिकवून परत आलो. मास्तरकी वर्गात चालते, अशा ठिकाणी माझी जीभ टाळूला चिकटते. चौथ्या दिवशी मायनं पदर खोचला आणि माझ्या पुढे चालायला लागली.

बाबांनी आम्हाला थेट आतल्या खोलीत नेलं. भिंतीला नवी फळी ठोकलेली, आणि तिच्यावर सबंध गल्लीची भांडी ओळीनं, चिंच लावून घासलेली, लखलखीत. मधोमध मायचा डबा. हुश्श! बाबा एकेक भांडं उचलून अभिमानानं कोरलेली अक्षरं वाचून दाखवू लागले: मामांकडून सप्रेम भेट, आत्याबाईंकडून सप्रेम भेट. आणि मला घाम फुटला. पहिल्याच महिन्यात त्यांनी "सप्रेम भेट म्हणजे काय" असं विचारलं होतं, आणि मी वह्या तपासता तपासता मान वर न करता सांगितलं होतं, की प्रेमानं दिलेली वस्तू, ती परत करायची नसते, जपायची असते. ती अक्षरं गल्लीतल्या बायांच्या लग्नातल्या आहेराची, आणि बाबांना वाटलं, सगळं गाव आपल्यालाच भेटी देऊन राह्यलं!

"रोज सकाळी प्रार्थनेत मी या सर्वांची नावे घेतो," ते म्हणाले. मग मायचा डबा उचलून त्यांनी वाचलं, "बंधू किसन, तीर्थपुरी. यांची प्रकृती कशी आहे?"

मायनं डबा त्यांच्या हातातून घेतला. "तो गेला, बाबा. तुमी रोज नाव घेता त्याचं?"

"रोज."

माय डबा मांडीवर घेऊन खालीच बसली. रडली, पण बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला. मी बाबांना दारापाशी नेऊन एका दमात सगळा रिवाज सांगून टाकला. ते कानापर्यंत लाल झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी काळा कोट घालून निघाले, घरोघर भांडी परत करत, आणि प्रत्येक भांड्यात एकेक उकडलेला बटाटा. आमच्याकडचा मायनं तिथंच खाल्ला. "मीठ न्हाई," म्हणाली, आणि डोळे पुसत हसली. गल्ली आठवडाभर बटाट्यावर हसत होती. मोडीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

तीन-चार वर्षांनी त्यांना मायदेशी बोलावणं आलं. निघायच्या दिवशी ते मायला एक पितळी वाटी देऊन गेले. आत उकडलेला बटाटा, या वेळी मीठ लावलेला. माय तव्यावर धपाटे टाकत थांबा थांबा म्हणत राहिली, पण बाबा वेळेवर निघाले, आणि नेमकी त्या दिवशी गाडीही वेळेवर आली. मी वाटी उलटीसुलटी करून पाहिली. कुठंही भेट असं लिहिलेलं नव्हतं. नुसतं त्यांचं नाव, बाजारातल्या कोरणाऱ्यानं काढलेल्या वाकड्या अक्षरांत.

माय ती वाटी दर दिवाळीला घासायची, पण वापरू कुणाला द्यायची नाही. "बाबाची हाय," म्हणायची, "भरून द्यायचीय." आता माय नाही. वाटी माझ्याकडे आहे, अजून द्यायची राहिलेली.