न उकळलेला ड्रम

१९ फेब्रुवारी २०२५ रोजी रामाकोन्याच्या देवकाबाईंच्या खात्यात सरकारी भरपाईचे ७४,६०० रुपये जमा झाले. अकरा डुकरांचे. डुकरे मारायला सरकारी पथक येण्याआधी जी तीन मेली, त्यांचे काही मिळत नाही. बँकेतला बाबू म्हणाला, चांगली रक्कम आली बाई. देवकाबाईंनी पासबुक त्याच्या हातून ओढून घेतले.

नवरा गेल्यापासून बारा वर्षे त्यांचे घर डुकरांवर चालले होते. दीर श्रावण याचा गोठा भिंतीला लागूनच. हमरस्त्यावरच्या ढाब्यातले उष्टे दोघे मिळून आणत, एक दिवस त्याची पाळी, एक दिवस यांची. ज्याची पाळी, त्याने चूल पेटवून ड्रम अर्धा तास खदखदा उकळायचा आणि मगच दोन्ही गोठ्यांत घालायचा. लाकडाचा खर्च निम्मा-निम्मा. नियम पशु दवाखान्याच्या डॉक्टर अमृता यांनी घालून दिला होता. उष्ट्यात आजारी डुकराचे मांस असले तर आफ्रिकन ताप त्यातून येतो, आणि त्याला लस नाही, औषध नाही. माणसाला तो होत नाही. डुक्कर मात्र क्वचितच वाचते.

जानेवारीत एका सकाळी चांदी नावाची मादी खाण्याच्या कुंडीपाशी आलीच नाही. दोन पिल्ले ऊन चढले तरी एकमेकांना चिकटून पडली होती. देवकाबाईंनी चांदीच्या पाठीवर हात ठेवला, तर अंग तव्यासारखे. कान जांभळट पडले होते, पोटावर लाल चट्टे होते. दोन वर्षांपूर्वी टोचलेली लस दुसऱ्या तापाची होती, हे त्यांना ठाऊक होते. त्या तडक श्रावणच्या गोठ्यात गेल्या. मागे नाल्याकाठी माती ताजी उकरलेली होती.

"किती पुरले, भाऊजी?"

श्रावणने आधी थंडीचे कारण सांगितले, मग अपचनाचे. शेवटी कबूल केले : दोन पुरले, आणि तिसरे लंगडत होते ते मोहगावच्या व्यापाऱ्याला अर्ध्या भावात दिले. तो हात जोडून म्हणाला, दवाखान्यात सांगशील तर सरकार आपली सगळीच मारेल, धडधाकटसुद्धा.

"अन् न सांगितलं तं मोहगावचीबी मरतीन," देवकाबाई म्हणाल्या. "माहीत असून विकलं तुम्ही?"

त्यांनी चपला घातल्या आणि पशु दवाखान्यासाठी सौसरची बस धरली. डॉक्टर अमृतांनी त्याच दुपारी रक्ताचे नमुने घेतले, गोठ्यांतून काही आत-बाहेर करायचे नाही असे बजावले आणि मोहगावच्या व्यापाऱ्याकडे माणूस धाडला. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल चौथ्या दिवशी आला : आफ्रिकन तापच. तोवर चांदी आणि ती दोन पिल्ले मेली होती. मग पांढरे कपडे घातलेले पथक आले. एक किलोमीटरच्या आतले एकही डुक्कर जिवंत ठेवायचे नव्हते. देवकाबाईंची उरलेली अकरा त्या सकाळी कुंडीवर तुटून पडली होती. गावातल्या बायका म्हणाल्या, हिनेच बोलावणे पाठवले. श्रावण त्या बायकांतच उभा होता.

मारलेल्या डुकरांच्या खड्ड्यावर चुना पडेपर्यंत देवकाबाई हलल्या नाहीत. मग दिराकडे वळल्या. जावेच्या बाळंतपणाच्या धावपळीत त्या अडकल्या होत्या, म्हणून डुकरे आजारी पडण्याआधीचा आठवडाभर सगळ्या पाळ्या त्यानेच केल्या होत्या.

"ड्रम उकळला होता का?"

"लाकडं संपले होते, वैनी."

"लाकडाचे पैसे म्या तुमच्या हातावर ठेवले होते. तुमचा वाटा टाकून आणाचे होते. आणलेच नाही?"

"एका आठवड्यानं काय होते, असं वाटलं."

बारा वर्षांत त्यांनी दिराला अरे-तुरे केले नव्हते, तेव्हाही केले नाही. "तुम्हाले वाटलं," एवढेच म्हणाल्या. घरात जाऊन कुऱ्हाड आणली आणि ड्रमचा तळ फोडला, एकदा नाही, चार वेळा.

भरपाई श्रावणलाही मिळाली, त्याच दराने. गोठे तीन महिने रिकामे ठेवायचे असल्याने तो उन्हाळ्यानंतर पुन्हा भागीदारीत सुरू करू म्हणतो. देवकाबाई आता एकट्याच करणार आहेत. उष्टे आणणार नाहीत, चुनी-भुशीवर दोनच पाळणार आहेत. मधल्या भिंतीवर त्यांनी काटेरी तार लावून घेतली.

त्यांनी दिलेले लाकडाचे १८० रुपये श्रावणकडे अजून बाकी आहेत.