दारात कोण उभं होतं

मी चौथी शिकलेला माणूस. भूत, करणी, उतारा असलं सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर खुळ्यात काढलंय. म्हणून हे लिहायला लाज वाटतीया... पण घडलं ते घडलं.

घर कबनूरला. जन्मभर कापडाच्या कारखान्यात मागावर रातपाळी केली, झोप दिवसा. माझी बायको शांता त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. पाळीच्या वेळेला मला तीच उठवायची. गेल्या वर्षी ती गेली अन् झोपही गेली. डोळा लागला की वाटायचं — आता आपल्याला उठवणार कोण? दचकून जागा.

डॉक्टर म्हणाला, "आजोबा, सहा-सात तास झोप पाहिजेच. न्हाईतर एक दिवस चालता चालता पडाल."

"पडलो तर उठीन. गोळी नको."

पुढं डोळ्यांवर अंधारी यायला लागली. एकदा चहात मीठ घातलं, तसाच प्यालो. पण गोळी घेतली न्हाई.

एका दुपारी खाटेवर टेकलो अन् गाढ झोपलो. उठलो तर दिवेलागण झालेली.

दुसऱ्या दिवशी गॅसवाला टाकी घेऊन आला. नवाच माणूस.

"काका, काल हेलपाटा पडला की."

"मग बेल वाजवायची."

"वाजवणारच होतो. काकू दारात हुब्या होत्या, त्यांनी थांबवलं."

"कुठल्या काकू? मी एकटा हाय."

"चेष्टा करताय व्हय म्हाताऱ्या वयात? बोलल्या न्हाईत, नुसतं असं केलं." त्यानं उजवी मूठ वळली अन् तिच्यावर डावा तळवा झाकला. "मला वाटलं, मुक्या हायत."

मागाच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत न्हाई, सगळं खुणेवर चालतं. बाकीचे नुसता हात हलवायचे. मूठ झाकायची ती शांता एकटी... म्हणजे धागा तुटलाय, माग थांबव.

शेजारीपाजारी विचारलं. कुणी आलं नव्हतं. दाराला आतनं कडी होती, उठल्यावर मीच काढलेली.

आता दुपारी झोप लागती. शेजारीण म्हणती, "मामा, तोंडावर तेज आलं." ह्याचा उलगडा मला झालेला न्हाई, तुमच्यात कुणाला झाला तर सांगा. मधी मुद्दाम जागा बसून दाराकडं बघितलं. कुणी आलं न्हाई. अन् झोपल्यावर ती येत असंल... तर मला कसं दिसणार?